‘केदाह मर्चंट’चा खटला: शपथ कोणाची, कागद कुठे?

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात 9 मे 1701 रोजी फाशीची शिक्षा ऐकल्यावर कॅप्टन विल्यम किड म्हणाला की ही शिक्षा फार कठोर आहे, या सगळ्यांत मीच सर्वांत निरपराध आहे आणि खोटी शपथ घेणाऱ्यांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली आहे. किड खरोखर चाचा होता की नव्हता, यावर तीनशे वर्षे वाद चालू आहे. मला मात्र त्या शेवटच्या बोलण्यातली ‘शपथ’ जास्त महत्त्वाची वाटते. शपथेवर बोलायची मुभा त्या काळी कोणाला होती, हे कळल्याशिवाय हा खटला समजत नाही.

मुळात ‘केदाह मर्चंट’ हे आपल्या समुद्रातले जहाज. आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल भरून ते बंगालहून सुरतेला निघाले होते. मलमल, रेशीम, साखर, लोखंड, सोरा, अफू असा भरगच्च माल. त्यातला काही भाग मुघल दरबारातल्या मुखलिस खानाचा होता. कप्तान जॉन राइट इंग्रज, खलाशी बहुतेक हिंदुस्थानी. 30 जानेवारी 1698 ला मलबारच्या किनाऱ्याजवळ किडने ते पकडले. त्याने मुद्दाम फ्रेंच निशाण चढवले होते. समोर फ्रेंच जहाज आहे असे समजून व्यापारी जहाजावरच्या लोकांनी फ्रेंच कंपनीचा पास, म्हणजे सुरक्षित प्रवासाचा परवाना, पुढे केला आणि इथेच ते अडकले. किडकडे इंग्लंडच्या राजाचा परवाना होता आणि त्यानुसार त्याला चाच्यांबरोबरच फ्रेंच जहाजांनाही पकडता येत होते.

तेव्हाचे व्यापारी जवळ वेगवेगळ्या सत्तांचे पास बाळगत आणि समोर जे निशाण दिसेल त्याप्रमाणे कागद काढत. कोकणच्या माणसाला हे नवे नाही. पोर्तुगीजांचा कर्ताज आणि पुढे आंग्र्यांचे दस्तक यांवरूनच इथली गलबते सुटत किंवा जप्त होत. म्हणून नुसता फ्रेंच पास सापडला, एवढ्यावरून जहाज फ्रेंचांचे ठरत नाही. पण किडच्या परवान्याच्या दृष्टीने तो कागद म्हणजे त्याचा सगळा बचाव होता.

असे जहाज पकडले की ते अधिकृत बंदरात न्यायचे, आरमारी न्यायालयापुढे त्याचे कागद ठेवायचे, जहाजावरच्या माणसांच्या शपथेवर जबान्या घ्यायच्या आणि ते लुटीस पात्र आहे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे, असा नियम होता. किडने तसे केले नाही. किनाऱ्यावर माल विकला, वाटण्या केल्या. राइट आणि आर्मेनियन व्यापारी यांना नीट विचारण्याची जागा हीच होती, आणि ती तिथेच गेली. व्यापाऱ्यांनी जहाज सोडवायला 20,000 रुपये देऊ केले होते आणि किडने ते नाकारले, ही गोष्टही पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध गेली.

सुरतेत याचे पडसाद फार वाईट उमटले. 1695 मध्ये हेन्री एव्हरीने बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ लुटले, तेव्हा सुरतेच्या इंग्रजांना कैदेत पडावे लागले होते. आता पुन्हा तेच. औरंगजेबाची छावणी तेव्हा भीमाकाठी ब्रह्मपुरीला, आजच्या मंगळवेढ्याजवळ होती. समुद्रावरच्या लुटीचा जाब इंग्रजांना इथल्याच सत्तेला द्यायचा होता. किडला शिक्षा होणे ही म्हणूनच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची निकड होती.

किड अमेरिकेतल्या बोस्टनला पकडला गेला तो 1699 च्या जुलैत. त्याआधी त्याने दोन्ही फ्रेंच पास, म्हणजे ‘केदाह मर्चंट’चा आणि आधी पकडलेल्या एका जहाजाचा, तिथल्या इंग्रज वसाहतींचा गव्हर्नर बेलोमाँट याच्याकडे दिले होते. ते लंडनला पोचले. खटल्यात मात्र किडने पुन्हा पुन्हा मागूनही ते कोणी पुढे आणले नाहीत.

न्यायालयात सगळा भार दोन साक्षीदारांवर होता: जहाजाचा वैद्य रॉबर्ट ब्रॅडिनहॅम आणि खलाशी जोसेफ पामर. दोघेही किडबरोबर होते, दोघांनीही लुटीत वाटा घेतलेला, आणि सरकारच्या बाजूने बोलल्यामुळे ते फाशीतून वाचणार होते. पाससंबंधी किडने विचारले तेव्हा पामरने सांगितले की पास आहेत असे तुम्ही म्हणत होता, मी ते पाहिले नाहीत. एकाने ऐकलेले, दुसऱ्याने सांगितलेले, आणि कागद गायब. माझ्या मते याच ठिकाणी खटल्याचा तोल गेला.

कायदाही किडच्या विरुद्ध होता. आठव्या हेन्रीच्या 1536 च्या कायद्याने चाचेगिरीचे खटले ज्युरीपुढे आणले, कारण जुन्या आरमारी पद्धतीत कबुली किंवा साक्षीदार लागत आणि चाचे साक्षीदारांनाच मारून टाकत. हे कारण पटण्यासारखे आहे. पण आरोपीला स्वतः शपथ घेता येत नसे. इंग्लंडमध्ये ती मुभा सर्वसाधारणपणे 1898 मध्ये मिळाली. अशा गुन्ह्यांत वस्तुस्थितीवर वकिलाला बाजू मांडता येत नसे. आरोपीच्या साक्षीदारांना शपथेवर बोलू देणारा कायदा झाला 1702 मध्ये, म्हणजे किडच्या फाशीनंतर वर्षभराने. सरकारी साक्षीदार शपथेवर बोलत होते आणि किड नुसता बोलत होता. ज्युरीने कोणाचे ऐकले असेल, हे सांगायला नको.

विल्यम मूर या आपल्याच जहाजावरच्या तोफचीला किडने लोखंडी पट्ट्यांची बादली मारून ठार केले, हा खुनाचा आरोप वेगळा होता आणि त्यातही तो दोषी ठरला. पासचा त्याच्याशी संबंध नव्हता. 23 मे 1701 ला वॉपिंगच्या एक्झिक्यूशन डॉकवर त्याला फासावर चढवले. पहिला दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवले. मृतदेह थेम्सच्या काठी टिलबरी पॉइंटला टांगून ठेवला.

ते पास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले.