थोरला सब-झिरो आणि धाकटा सब-झिरो: नाव एक, माणसं दोन

नाशिकच्या कॉलेज रोडवरचं गेमिंग पार्लर असो की सिडकोतल्या कुणाच्या घरातला कॉम्प्युटर, मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम लागला की एक प्रश्न हमखास येतो: "स्कॉर्पियननं सब-झिरोला पहिल्याच भागात मारलं ना? मग दुसऱ्यात हा कुठून आला?" त्यावर शेजारचा तितक्याच खात्रीनं सांगतो, "अरे, गेम आहे, त्यात सगळेच परत येतात." हे उत्तर साफ चूक आहे आणि ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. मेलेला सब-झिरो दुसऱ्या भागात परत आलेला नाही. तिथे आलाय तो त्याचा धाकटा भाऊ. एवढी एक गोष्ट सुटली की पुढचं सगळं वैर, सगळी दोस्ती आणि अर्धे पोशाख चुकीचे वाचले जातात.

पिवळा आणि निळा यांतला फरक बहुतेकांना पाठ आहे, म्हणून तो उरकून घेऊ. पिवळा स्कॉर्पियन जपानी, शिराई रियू घराण्यातला, आणि मुळात मेलेला. म्हणून त्याच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत, मुखवट्याखाली कवटी आहे आणि तोंडातून आग निघते. निळा सब-झिरो चिनी, लिन क्वेई घराण्यातला, हाडामांसाचा, बर्फ फेकणारा. यात माझा आक्षेप एकच: सब-झिरोला सर्रास 'निन्जा' म्हणतात, ते बंद व्हावं. निन्जा जपानचे. लिन क्वेई हे चिनी मारेकऱ्यांचं घराणं आहे. स्वतः गेम बनवणाऱ्यांनीही हा शब्द सैल हातानं वापरला, पण म्हणून तो बरोबर ठरत नाही.

दोघं दिसायला सारखे का, याचं कारण मशीनच्या मेमरीत आहे. १९९२ साली शिकागोच्या मिडवे कंपनीनं हा गेम काढला तेव्हा खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्यातून पात्रं बनवली होती. त्या काळच्या मशीनमध्ये प्रत्येक नव्या शरीराला जागा लागायची आणि जागा मोजकीच होती. म्हणून डॅनियल पेसिना या एकाच नटाला लाल पोशाखात उभं केलं, एकदाच सगळ्या हालचाली टिपल्या आणि लाल भाग एकदा पिवळा, एकदा निळा केला. गणपतीच्या कारखान्यात एकाच साच्यातून मूर्ती निघतात, मग एकीचं पीतांबर पिवळं, दुसरीचं निळं, तसंच हे. पुलाखाली लपलेला हिरवा रेप्टाइलही त्याच साच्यातला. हिरवा रंग पिवळा आणि निळा मिळून होतो, आणि रेप्टाइलकडे दोघांचेही डाव होते. रंगाचा इतका नेमका उपयोग नंतरच्या भागांत फारसा दिसला नाही.

आता मुख्य गाठ. 'सब-झिरो' हे एका माणसाचं नाव नसून गादीचं नाव आहे, असं समजा. आपल्याकडे बाजीराव पेशवे दोन झाले. त्या दोघांना जोडणारे राघोबादादा, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव आणि दुसऱ्यांचे वडील, आपल्या नाशिकच्या आनंदवल्लीत राहून गेलेले. १८१८ साली इंग्रजांसमोर शरण गेले ते थोरले बाजीराव, असं कुणी म्हणालं तर गंगापूर रोडवरचं शाळकरी पोरही त्याला थांबवेल. थोरले १७४० सालीच गेले. सब-झिरोच्या बाबतीत मात्र हीच चूक आपण बिनदिक्कत करतो.

थोरला म्हणजे बी-हान. १९९२च्या भागातला सब-झिरो तो. स्कॉर्पियनचा जीव त्यानं घेतला आणि स्कॉर्पियननं पिशाच्च होऊन येऊन त्याला मारलं. धाकटा म्हणजे क्वाई लियांग. १९९३च्या दुसऱ्या भागापासून भावाचं नाव आणि निळा पोशाख घेऊन वावरतो तो हा. लिन क्वेईनं थोरल्याला शांग त्सुंगला, म्हणजे पहिल्या भागातली स्पर्धा भरवणाऱ्या मांत्रिकाला, मारायला पाठवलं होतं. ते काम अपुरं राहिलं, म्हणून त्याच कामावर धाकट्याला धाडलं.

मग गोंधळ का होतो? कारण तो गेमनंच मुद्दाम करून ठेवलाय. दुसऱ्या भागात कुणी खेळत नसताना पडद्यावर पात्रांची ओळख फिरत राहते. तिथे सब-झिरोबद्दल लिहिलंय की तो स्कॉर्पियनच्या हातून मेला असं वाटत होतं, पण तो परतला असावा. म्हणजे जी समजूत चुकीची, तीच फुकटात दाखवली. खरी गोष्ट कळते ती शेवटच्या पडद्यावर, आणि तिथे पोचायला बाकीच्या सगळ्यांना हरवून, मग चार हातांच्या किंटारोला, मग शाओ कानला पाडावं लागतं. नाण्यावर चालणाऱ्या मशीनवर तिथवर जाणारे किती असणार? जे पोचले त्यांना भाऊ कळला, बाकीच्यांनी परतलेला सब-झिरो डोक्यात घेतला आणि तेच पुढच्या पोरांना सांगितलं. त्यात बी-हान, क्वाई लियांग ही नावं तेव्हा गेममध्ये नव्हतीच, ती बरीच नंतर आली. दोघांना हाक मारायला एकच नाव, मग ध चा मा होणारच.

त्याच भागात स्कॉर्पियनचा शेवटचा पडदाही वाचण्यासारखा आहे. तो सूड घ्यायला येतो, लांबून पाहतो, आणि हा सब-झिरो हरलेल्या माणसाला जिवंत सोडतो. स्कॉर्पियनला तिथेच कळतं की आपला जीव घेणारा हा नव्हे. तो त्याला सोडतो आणि थोरल्याला मारल्याची भरपाई म्हणून धाकट्याचं रक्षण करायचं ठरवतो. 'स्कॉर्पियन आणि सब-झिरो, जन्माचे वैरी' असं पोस्टरवर छापणाऱ्यांनी हा पडदा एकदा पाहावाच. वैर थोरल्याशी होतं. धाकट्याशी त्याचं नातं अपराधाच्या टोचणीतून सुरू होतं.

दोघांच्या स्वभावातला हा फरक डावांतही उतरलाय, आणि मला ही सबंध मालिकेतली सगळ्यात सुंदर जागा वाटते. पहिल्या भागात सब-झिरोचा शेवटचा वार म्हणजे मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटणं. तोंड उजवीकडे असेल तर अगदी जवळ उभं राहून पुढे, खाली, पुढे आणि वरचा ठोसा. १९९३च्या भागात हा वार सब-झिरोला दिलेलाच नाही. तिथे तो समोरच्याला गोठवून फोडतो, नाहीतर बर्फाचा गोळा फेकतो. गोठवण्याचा डाव मात्र दोन्हीकडे तोच: खाली, पुढे, खालचा ठोसा. धाकट्याकडे जादा आहे तो जमिनीवर बर्फाचा निसरडा थर पसरण्याचा डाव: खाली, मागे, खालची लाथ. इथे नवखे एक चूक हमखास करतात. समोरचा गोठलेला असताना घाईत पुन्हा बर्फ फेकतात. दुसऱ्या भागात तो बर्फ उलटतो आणि आपणच गोठतो. एकदा गोठवलं की पुढे जाऊन अपरकट ठोसा मारायचा, एवढंच लक्षात ठेवा.

१९९५च्या तिसऱ्या भागात फरक चेहऱ्यावरच आला. लिन क्वेईनं आपल्या माणसांना यंत्रमानव बनवायला घेतलं, धाकटा त्याला नकार देऊन पळाला, आणि म्हणून तिथे तो मुखवट्याशिवाय उभा आहे, डोळ्यावरून गेलेला लाल व्रण दाखवत. नटही बदलला, जॉन टर्क. थोरल्याला हा व्रण नाही. पुढे २००२च्या डेडली अलायन्समध्ये हाच धाकटा लिन क्वेईचा प्रमुख होतो.

पण सगळं निवळत असताना, १९९५ सालीच अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३ आला आणि त्यात 'क्लासिक सब-झिरो' नावाचा मुखवटेवाला आणून बसवला. पात्र निवडायच्या पडद्यावर दोघं एकाच वेळी हजर, एक व्रणवाला, एक मुखवट्याचा. बरीच मंडळी समजतात की हा त्याच माणसाचा जुना पोशाख. तसं नाही. ओळखीत लिहिलंय की पहिल्या स्पर्धेत मेला असं समजलेला सब-झिरो गूढपणे परतलाय, म्हणजे तो थोरला. कथेच्या दृष्टीनं मला हे पात्र अजिबात मान्य नाही. दुसऱ्या भागात कष्टानं उभं केलेलं थोरल्याचं मरण त्यानं पोकळ केलं, आणि नंतर बनवणाऱ्यांनीच थोरल्याला वेगळ्या वाटेनं परत आणलं.

ती वाट म्हणजे नूब सायबॉट. दुसऱ्या भागात लपलेली ती काळी सावली. नाव म्हणजे एड बून आणि जॉन टोबायस या दोन निर्मात्यांची आडनावं उलटी वाचलेली, सुरुवातीला एवढंच. मग २००४च्या डिसेप्शनमध्ये सांगितलं की ही सावली म्हणजे मेलेला बी-हान. तेव्हा "थोरला परत आला का?" याचं बरोबर उत्तर असं: आला, पण काळ्या रंगात, निळ्यात नाही. २०११च्या भागानं कथा नव्यानं मांडली तरी ही साखळी तशीच ठेवली. स्कॉर्पियन बी-हानला मारतो, धाकटा भावाच्या शोधात येतो, आणि बी-हान नूब होऊन उभा राहतो.

स्कॉर्पियनच्या बायकोमुलाला कुणी मारलं, हा प्रश्न याला चिकटूनच येतो. उत्तर: दोन्ही सब-झिरोंपैकी कुणीही नाही. ते काम पांढऱ्या चेहऱ्याच्या मांत्रिकाचं, क्वान चीचं. १९९७च्या चौथ्या भागात तो स्कॉर्पियनला धाकट्याविरुद्ध भडकवतो आणि शेवटी स्वतःच कबुली देतो. थोरल्यानं स्कॉर्पियनला मारलं हे खरं, घरदार त्यानं बुडवलं हे खोटं.

लढण्याच्या शैलीवरून ओळखायला जाऊ नका, फसाल. डेडली अलायन्समध्ये चिनी सब-झिरोला शोटोकान हा जपानी कराटे दिला आणि जपानी स्कॉर्पियनला हापकिडो हा कोरियन प्रकार. पात्राच्या मातीशी शैलीचं नातं तोडलेलं मला खटकतं, विशेषतः चिनी युद्धकलांचे इतके प्रकार हाताशी असताना.

२०२३च्या मॉर्टल कॉम्बॅट १ नं मात्र पाटी पुसून टाकली. नाव पुन्हा 'एक', पण कथा नवी. इथे सब-झिरो आहे थोरला बी-हान, आणि स्कॉर्पियन आहे, नीट वाचा, धाकटा क्वाई लियांग. हातात आग, अंगावर पिवळा. स्मोक हा त्यांचा मानलेला भाऊ. बी-हान लिन क्वेईचा प्रमुख असून फितूर होतो, तेव्हा धाकटा आणि स्मोक त्याला सोडतात आणि शिराई रियू उभारतात. म्हणजे पूर्वी शत्रूचं असलेलं घराणं इथे धाकट्यानं स्थापलेलं आहे. २०२४च्या खेऑस रेन्स या पुरवणीत बी-हान पुन्हा नूब होतो. त्यामुळे कुणी "क्वाई लियांग म्हणजे कोण?" विचारलं तर आधी विचारा, कुठल्या साली निघालेला गेम. १९९३ ते २०१९ असेल तर निळा, २०२३ असेल तर पिवळा.

गॅदरिंगसाठी पोशाख शिवणाऱ्यांसाठी थोडं. मेन रोडवरून निळं आणि काळं कापड आणण्याआधी कुठला भाऊ ते ठरवा. १९९२चा थोरला: काळ्यावर निळा पट्टा, तोंडावर निळा मुखवटा, चेहरा स्वच्छ. १९९५चा धाकटा: मुखवटा नाही, डोळ्यावरून भुवईपासून गालापर्यंत लाल व्रण. १९९२चा पोशाख घालून त्यावर व्रण काढतात, ते दोन माणसं एकात कोंबणं झालं. नूब करायचा तर निळ्याचा एक धागाही नको, सगळं काळं. आणि स्कॉर्पियन कराल तर डोळ्यांसाठी स्वस्त पांढऱ्या लेन्स लावू नका, डोळे सुजतात. मुखवट्याच्या डोळ्यांच्या जागी आतून पांढरी पातळ जाळी चिकटवा. बाहेरून बुबुळ दिसत नाही आणि स्टेजवरची पायरी आपल्याला दिसते.