तुमचे सेफ्टीचे आणि पर्यावरणाचे आकडे आम्ही तपासतो म्हणजे नक्की काय करतो

नवीन ग्राहक पहिल्याच फोनवर बहुतेक वेळा विचारतात की रिपोर्ट तर तयार आहे, तुम्ही वाचून सही करणार ना? तसं नाहीये. रिपोर्ट आम्ही सगळ्यात शेवटी वाचतो, त्याआधी त्यातला आकडा जिथे पहिल्यांदा कोणाच्या तरी हाताने लिहिला गेला तिथपर्यंत जातो, म्हणजे फर्स्ट एडचं रजिस्टर, गेटवरची हजेरी, डिझेलची बिलं, पाण्याच्या मीटरचं रीडिंग, वजनकाट्याची पावती.

सगळ्यात जास्त वेळ अपघातांच्या आकड्यांवर जातो आणि तो जायलाच हवा. धरा की रिपोर्टमध्ये वर्षभरात ४ लॉस्ट टाइम इन्जुरी (ज्या जखमेमुळे कामाचा दिवस बुडाला अशा केस) लिहिल्यात. त्या ४ चे कागद बघणं सोपं आहे, तुम्हीच मोजल्यात म्हणजे फाइल असणारच. पण पाचवी राहून गेली का हे त्या फाइलींतून कधीच कळणार नाही, म्हणून आम्ही उलट्या बाजूनेही येतो: फर्स्ट एडचं रजिस्टर, दवाखान्याची बिलं, विम्याचे क्लेम, आजारपणाच्या रजा यातून काही नावं उचलायची आणि ती रिपोर्टमध्ये पोचलीत का ते बघायचं. राहिलेली केस सापडते ती जास्त करून अशीच. कधी हात फ्रॅक्चर झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात हलकं काम देऊन बसवलेलं असतं, मग दिवस वाया गेला नाही म्हणून ती केस कुठेच लिहिलेली नसते, खरं तर ती रिस्ट्रिक्टेड वर्क (जखमेमुळे नेहमीचं काम करता आलं नाही) म्हणून मोजायला हवी. टाके घातलेली जखमही बरेचदा फर्स्ट एडमध्ये टाकलेली दिसते. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या नियमात नुसती पट्टी बांधली तर फर्स्ट एड, टाके घातले की ती मेडिकल ट्रीटमेंट. तुम्ही कोणती व्याख्या वापरता ते तुम्ही ठरवा, पण ती लिहून ठेवा आणि सगळ्या साइटवर तीच चालवा.

मग येतात कामाचे तास. कामाच्या ठराविक तासांमागे किती जखमा झाल्या हा दर काही कंपन्या २ लाख तासांवर काढतात (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षात ५० आठवडे), काही १० लाखांवर. २० लाख तासांत ४ इन्जुरी झाल्या तर पहिल्या पद्धतीने दर ०.४ येतो आणि दुसऱ्या पद्धतीने २, दोन्ही बरोबर, फक्त कोणता ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं पाहिजे. खरी चूक होते ती कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना मोजताना. समजा तुमच्या लोकांचे ५ लाख तास आणि ४ इन्जुरी, म्हणजे १० लाखांवर दर ८. आता कॉन्ट्रॅक्टरचे ३ लाख तास यात आले पण त्याच्याकडच्या जखमा आल्याच नाहीत तर दर ५ वर येतो. मुद्दाम कोणी करतं असं आम्ही म्हणत नाही, तास बिलातून आपोआप येतात आणि जखम कोणीतरी कळवावी लागते, एवढंच कारण पुरतं.

पर्यावरणाच्या आकड्यांत गोंधळ वेगळे असतात. एका साइटने वीज युनिटमध्ये दिली, दुसरीने मेगावॉट-तासात, म्हणजे एकाच कॉलमात हजारपटीचा फरक. डिसेंबरचं बिल जानेवारीत आलं म्हणून पुढच्या वर्षात गेलं. मिथेनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला एकाने २५ चा फॅक्टर (गुणक) घेतला, दुसऱ्याने २८, कारण आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे रिपोर्ट वेगवेगळे. अंदाजाने भरलेला आकडा आम्हाला चालतो, फक्त तो अंदाज आहे आणि कसा काढला हे शेजारी लिहिलेलं हवं.

आमच्या निष्कर्षाचे, म्हणजे आम्ही आकड्यांची किती खात्री देतो त्याचे, दोन प्रकार असतात आणि पैसे नि वेळ दोन्ही त्यावरच ठरतात. लिमिटेड अ‍ॅश्युरन्समध्ये आम्ही सांगतो की आकडे चुकीचे वाटावेत असं काही आमच्या नजरेस आलं नाही. रीझनेबलमध्ये सरळ सांगतो की आकडे सगळ्या महत्त्वाच्या बाबतीत बरोबर आहेत, त्यामुळे जास्त साइट, जास्त नमुने, मीटरच्या कॅलिब्रेशनपर्यंत तपासणी. दोन्ही आयएसएई ३००० या मानकाप्रमाणे होतात, हरितगृह वायूंसाठी आयएसओ १४०६४-३ पण वापरलं जातं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं आयएसएसए ५००० हे सस्टेनेबिलिटी रिपोर्टिंगसाठी आता लागू होतंय. उत्सर्जनाच्या आकड्यात ५ टक्क्यांपर्यंतची चूक चालेल अशी मर्यादा बरेच जण धरतात. मृत्यूच्या आकड्याला आम्ही टक्केवारी लावत नाही, एक जरी राहिला तरी रिपोर्ट दुरुस्त व्हायलाच हवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आकडा बरोबर असणं आणि प्लांट सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३ मार्च २००५ ला बीपीच्या टेक्सास सिटी रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली आणि १८० जखमी झाली, आणि त्यानंतर नेमलेल्या बेकर पॅनेल या चौकशी समितीच्या २००७ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की कंपनी प्रोसेस सेफ्टीसुद्धा (गळती, आग, स्फोट टाळण्याची यंत्रणा) माणसांच्या जखमांच्या दरावरूनच जोखत होती. म्हणून गळती, प्रेशर रिलीफ (वाढलेला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं उघडणं), राहून गेलेली देखभाल हेही मोजत असाल तर तेही तपासायला द्या, नसाल तर मोजायला सुरुवात करा.

आणि हो, जो रिपोर्ट आम्ही तपासणार तो आम्ही बनवून देत नाही, एक्सेल शीटसुद्धा भरून देत नाही. चूक दाखवू, ती का झाली ते सांगू, दुरुस्ती तुमची. ग्राहक कधीकधी नाराज होतात पण स्वतःचंच काम तपासून आम्ही दिलेल्या निष्कर्षाच्या पत्राला काही किंमत राहणार नाही.

वर्ष संपायच्या २-३ महिने आधी बोलवलंत तर बरं, तेव्हा त्रुटी भरून काढता येतात, नंतर हजेरीचे कागद गठ्ठ्यात जातात आणि माणसंही बदललेली असतात. पहिल्या भेटीला सगळ्या साइटची यादी (भागीदारीतल्या पण), प्रत्येक आकडा कोण भरतं त्याचं नाव, आणि मागच्या वर्षीची शीट एवढंच काढून ठेवा. साइटवर मात्र आम्हाला रजिस्टर भरणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलायचं असतं, त्याच्या साहेबांशिवाय.