४,२९,४९,६७,२९७ : मूळ की संयुक्त?

सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावरच्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून उतरते. कार्डावर ठरलेल्या जागी छिद्र असतं किंवा नसतं. अशा ३२ जागा धरल्या तर कार्ड ४,२९,४९,६७,२९६ प्रकारे पाडता येतं. त्यात १ मिळवला की आपली संख्या.

ती ज्या मालिकेतली आहे ती ३, ५, १७, २५७, ६५,५३७ अशी चालते: २ चा १, २, ४, ८, १६ असा दर वेळी दुप्पट होणारा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. या पाचही मूळ संख्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं एका फ्रेंच न्यायाधीशाने १६४० मध्ये पत्रातून कळवलं. नेमकी सिद्धता हाती नाही, हेही त्याने मोकळेपणाने लिहिलं. त्यामुळे त्याची ‘चूक’ झाली असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १७३२ मध्ये ही सहावी संख्या फुटली: ६४१ × ६७,००,४१७.

आता शब्दाचं बघू. आपल्या सोलापुरात हा प्रश्न नेहमी येतो. मराठी शाळेत ‘मूळ संख्या’, कन्नड शाळेत ‘अविभाज्य’, तेलुगू शाळेत ‘प्रधान’, उर्दूत ‘मुफ्रद’. पूर्व भागातल्या एकाच गल्लीतली चार मुलं एकाच गोष्टीला चार नावांनी ओळखतात. मराठीतला गोंधळ सगळ्यात जास्त, कारण वर्गमूळ आणि घनमूळही ‘मूळ’च. ‘१७ मूळ आहे, मग १७ चं मूळ किती?’ असं पोर विचारतं, आणि ते मुळीच वेडगळ नसतं. ‘अविभाज्य’ म्हणावं तर १ आत शिरू बघतो. एकोणिसाव्या शतकातही कित्येक गणिती १ ला मूळ संख्यांतच धरत. तो बाहेर काढला तेव्हाच प्रत्येक संख्येची मूळ अवयवांत एकच एक फोड ठरली. तरी मी ‘मूळ’च्याच बाजूने आहे. बाकीच्या संख्या जिथून फुटतात ते दाखवणारा शब्द चारांत हाच.

६४१ ची खातरजमा लांबलचक भागाकाराशिवाय होते. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून ५ × २⁷ ला ६४१ ने भागलं की बाकी उणे १; चौथा घात घेतला की ५⁴ × २²⁸ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी उणे २⁴ चालतो. म्हणजे २³² ची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवला की शून्य. फळ्यावर चार ओळी पुरतात.

१७९६ मध्ये याच मालिकेमुळे १७ बाजूंची सुसम आकृती पट्टी-कंपासने काढता येते हे कळलं. नंतर ३२ बिटांचे संगणक आले; बिट म्हणजे कार्डावरच्या छिद्रासारखी, ० किंवा १ ची एक जागा. त्यांच्या एका कप्प्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं, आणि तो आकडा म्हणजे त्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार! आपली संख्या तिथे ठेवली की वरचा बिट गळतो आणि उरतो १. इंटरनेटचे जुने पत्तेही ३२ बिटांचेच. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला.

मालिकेतली सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. पहिल्या ३३ पैकी २८ संयुक्त निघाल्या. चौतिसावी अडीचशे कोटींहून जास्त अंकांची आहे, आणि ती मूळ की संयुक्त, हे अजून ठरायचं आहे.