एनसीसीचं उन्हाळी शिबिर ते पोलीस भरतीतले जादा गुण: पात्रता, अर्ज, कागदपत्रं

एप्रिल उजाडला की गावोगावी ‘पोलीस प्रशिक्षण व नेतृत्व विकास शिबिर’ असे फलक लागतात. खाकी टी-शर्ट, सकाळची कवायत, शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र. मुलांना शिस्त लागते, शरीर मोकळं होतं, त्यामुळे अशा शिबिराला जायला हरकत काहीच नाही. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की माहीत हवी. खासगी शिबिराच्या प्रमाणपत्राला महाराष्ट्र पोलीस भरतीत एकही गुण मिळत नाही. ज्या शिबिराचा धागा भरतीच्या गुणपत्रकापर्यंत पोहोचतो ते शिबिर एनसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचं. तेसुद्धा एकटं पुरेसं नसतं. शिबिर, हजेरी आणि परीक्षा या तिन्हीतून मिळणारं ‘सी’ प्रमाणपत्र (‘ए’, ‘बी’, ‘सी’ यांतली शेवटची पायरी) हातात असेल तरच पोलीस शिपाई भरतीत 5 टक्के जादा गुण मिळतात.

‘सी’ला तीन वर्षं लागतात. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून ते मिळत नाही. म्हणून अर्जाचा विचार कॉलेज सुरू होतानाच, जून-जुलैमध्ये करायचा.

कोणाला प्रवेश मिळतो

एनसीसी 1948 च्या कायद्याने उभी राहिली. तिच्यात थेट घरून नाव नोंदवता येत नाही, तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात एनसीसीचं पथक असावं लागतं. त्यामुळे अकरावीचा किंवा पदवीचा प्रवेश घेण्याआधीच त्या कॉलेजात एनसीसी आहे का, ती मुलींसाठीही आहे का, हे विचारून घ्या. कॉलेज ठरल्यावर हा प्रश्न विचारणारे बरेच असतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

शाळेतल्या मुलांसाठी ज्युनिअर डिव्हिजन, मुलींसाठी ज्युनिअर विंग. वयाची कमाल मर्यादा साडेअठरा, प्रशिक्षण दोन वर्षांचं, शेवटी ‘ए’ प्रमाणपत्र. कॉलेजातल्यांसाठी सीनिअर डिव्हिजन आणि सीनिअर विंग, वयाची कमाल मर्यादा 26 वर्षं. इथे ‘बी’ आणि मग ‘सी’. शाळेत ‘ए’ केलेलं नसलं तरी कॉलेजात थेट सीनिअरला नाव घालता येतं, ‘बी’ आणि ‘सी’चा रस्ता बंद होत नाही.

जागा ठरावीक असतात आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात. म्हणून बहुतेक कॉलेजांत निवड घेतात: धावणं, जोर-बैठका, छोटी लेखी चाचणी, थोडी तोंडी विचारपूस. ही निवड कॉलेजातले एनसीसी अधिकारी आणि बटालियनमधून आलेले लष्करी प्रशिक्षक मिळून करतात. (कॉलेजातले हे अधिकारी म्हणजे एएनओ. ते तिथलेच प्राध्यापक असतात आणि नागपूरजवळ कामठीच्या अकादमीत किंवा ग्वाल्हेरला प्रशिक्षण घेऊन येतात. पुढची तीन वर्षं तुमचा प्रत्येक कागद त्यांच्याच हातून जाणार असतो.) सूचनाफलकावर तारीख लागते आणि दोन-चार दिवसांत निवड उरकते. त्या दिवशी गावी असलात तर वर्ष गेलं. मैदानात चप्पल किंवा जीन्स घालून आलेल्यांना बऱ्याचदा धावायलाही मिळत नाही.

अर्ज आणि कागदपत्रं

निवड झाल्यावर नोंदणी ऑनलाइन प्रणालीत होते. मे 2023 मध्ये एनसीसीने नोंदणीपासून प्रमाणपत्रापर्यंतचा सगळा व्यवहार एकाच संगणक प्रणालीवर आणला. फायदा असा की माहिती हरवत नाही. धोका असा की पहिल्या दिवशी घातलेली चूक तीन वर्षांनी थेट ‘सी’ प्रमाणपत्रावर छापून येते.

लागणारे कागद: दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र (नाव आणि जन्मतारखेसाठी), आधार कार्ड, कॉलेजच्या प्रवेशाची पावती किंवा ओळखपत्र, स्वतःच्या नावाच्या बँक खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट आकाराचे फोटो, नोंदणीकृत डॉक्टरचा शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला आणि पालकांचं संमतीपत्र. अर्जात रक्तगट, अंगावरच्या ओळखखुणा, तातडीच्या वेळी संपर्काचा क्रमांक आणि आजवर कुठला गुन्हा सिद्ध झालाय का, हेही विचारतात. रक्तगट अंदाजाने लिहू नका, तपासून घ्या.

यातला सगळ्यात नाजूक भाग नावाचा. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. क्रम उलटा असला तर निभावतं, पण इंग्रजी स्पेलिंगमधला फरक निभावत नाही. ‘वैष्णवी’मध्ये एका कागदावर एक ‘ए’ जास्त, ‘चौधरी’ एकीकडे ‘यू’ने तर दुसरीकडे ‘डब्ल्यू’ने, वडिलांचं नाव कुठे ‘राव’सकट तर कुठे त्याशिवाय. नोंदणीच्या वेळी कोणी हटकत नाही. हटकतात ते भरतीच्या कागदपत्र तपासणीत, जिथे टेबलापलीकडचा माणूस दोन कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर लावून बघतो. म्हणून नियम सोपा ठेवा: दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच सगळीकडे. आधार वेगळं असेल तर एनसीसीचा अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या, नंतर नाही.

दुसरी अडचण बँक खात्याची. गणवेशाचा भत्ता थेट खात्यात येतो. आई-वडिलांच्या खात्याचा नंबर चालत नाही. लहानपणी शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बँकेने निष्क्रिय केलेलं असतं, पैसे परत जातात. अर्ज भरण्याआधी त्या खात्यात शंभर रुपये भरून आणि काढून बघा. आधार जोडलेलं आहे का, हेही त्याच फेरीत विचारा. कॅडेटसाठी शून्य शिलकीचं खातं उघडण्याची सोय स्टेट बँकेने ‘पहली उडान’ या नावाने दिली आहे, पण कॉलेजमार्फत तिचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

नोंदणी पूर्ण झाली की रेजिमेंटल नंबर मिळतो. तो मोबाइलमध्ये ठेवाच, शिवाय एका वहीतही लिहा. शिबिराची यादी, परीक्षेचा फॉर्म, प्रमाणपत्र, सगळीकडे तोच लागतो. एनसीसीत दाखल व्हायला शुल्क नाही. कोणी नोंदणीचे म्हणून पैसे मागितले तर पावती मागा.

हजेरी: इथेच जास्त गळतात

‘बी’ किंवा ‘सी’च्या परीक्षेला बसायला ठरलेल्या तासिकांपैकी किमान 75 टक्के हजेरी लागते. परेड आठवड्यातून एक-दोनदाच असते, त्यामुळे एक चुकली तर काय बिघडलं असं वाटतं. वर्षात परेडचे दिवस मोजके असतात, गणपती-दिवाळीत काही जातात, अंतर्गत परीक्षेत काही जातात. उरलेल्यांपैकी सात-आठ बुडाले की आकडा खाली येतो. दर महिन्याच्या शेवटी एएनओकडच्या नोंदवहीत आपली हजेरी स्वतः बघा. फेब्रुवारीत कळून उपयोग नसतो.

अकरावीला नाव घालणाऱ्यांची आणखी एक पंचाईत होते. त्यांची ‘बी’ची परीक्षा बारावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या तोंडावर येते. शिवाय बारावीनंतर कॉलेज बदललं तर नव्या कॉलेजात एनसीसी आहे का आणि तिथे जागा आहे का, हा प्रश्न उभा राहतो. जुन्या कॉलेजातून निघताना हजेरी आणि शिबिराच्या नोंदींचा दाखला सही-शिक्क्यासह घ्या. बारावीनंतर त्याच कॉलेजात राहणार असाल तर अकरावीत सुरुवात करणं चांगलं. कॉलेज बदलणार असाल तर प्रथम वर्ष पदवीला नाव घालून तृतीय वर्षाला ‘सी’ देणं जास्त खात्रीचं.

शिबिर

संयुक्त वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचं असतं. बोलीभाषेत सगळे त्याला सीएटीसी म्हणतात. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत ही शिबिरं जास्त लागतात. ‘बी’साठी एक शिबिर लागतं, ‘सी’साठी दोन. राहणं-जेवण सरकारी खर्चाने होतं.

जाण्याआधी तीन कागद: वैद्यकीय दाखला, पालकांची संमती आणि जोखमीचं हमीपत्र, ज्याला कॉलेजात ‘इन्डेम्निटी बाँड’ म्हणतात. दाखला ताजा हवा, प्रवेशाच्या वेळचा जुना चालवू नका. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर लपवू नका. मे महिन्याच्या उन्हात ते दुसऱ्या दिवशीच बाहेर येतं आणि तेव्हा जवळ दवाखाना असेलच असं नाही.

सामानात पूर्ण गणवेश, बेरे टोपी हॅकलसह (टोपीवरचा तुरा), नावाची पट्टी, पट्टा, बूट, दोन जोड लोकरी मोजे, पांढरे पीटी शूज, अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, ताट-वाटी-मग, टॉर्च, सुई-दोरा, बूट पॉलिश, पाण्याची बाटली आणि रोजची औषधं. दागिने घरी ठेवा. फोन बहुतेक ठिकाणी जमा करून घेतात, म्हणून घरचा नंबर पाठ असू द्या. मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि सोबत महिला अधिकारी किंवा महिला प्रशिक्षक असतात. संमतीपत्रावर सही करताना पालकांनी त्यांचं नाव आणि नंबर मागून घ्यावा.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शिबिरातल्या वैद्यकीय तंबूत सगळ्यात मोठी रांग टाचेच्या फोडांची असते. नवा कोरा बूट घालून पहिल्याच दिवशी तीन तास कवायत केली की संध्याकाळपर्यंत टाच सोलते. मग चाल बिघडते, गुडघा दुखतो आणि फायरिंगच्या दिवशी मूल तंबूत पडून राहतं. शिबिराच्या किमान पंधरा दिवस आधी तेच बूट, तेच मोजे घालून रोज अर्धा तास चाला. आतल्या शिवणीवर हात फिरवा, जिथे टोचतं तिथेच फोड येणार.

तसंच सावधानमध्ये उभं राहून भोवळ येणं. गुडघे कडक आखडून बराच वेळ उभं राहिलं की पायातलं रक्त वर चढत नाही. वरून सकाळी चहाही न घेतलेला असतो. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहा, परेडला निघण्याआधी पाणी प्या आणि काहीतरी खा.

दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो: पीटी, न्याहारी, कवायत, नकाशावाचन, प्रथमोपचार, रायफलची ओळख, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी खेळ, रात्री हजेरी. पॉइंट टू-टू रायफलने गोळीबाराचा सराव होतो. तिथे लक्ष्याच्या मधोमध एखादी गोळी लागण्यापेक्षा सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ बसणं महत्त्वाचं. त्याला ग्रुपिंग म्हणतात. घोडा (ट्रिगर) झटक्याने ओढला की नळी उजवीकडे खाली जाते आणि कागदावर भोकं विखुरतात. श्वास अर्धा सोडून थांबा, बोट हळूहळू दाबा.

मध्येच घरी निघालात, तर ते शिबिर पूर्ण धरलं जात नाही. चुलत बहिणीचं लग्न त्याच आठवड्यात असेल तर पुढच्या शिबिराला नाव द्या. परत आल्यावर शिबिराची नोंद प्रणालीत आपल्या रेजिमेंटल नंबरपुढे चढली का, हे महिन्याभरात तपासा.

परीक्षा आणि भरतीचा अर्ज

‘बी’ मिळाल्याशिवाय ‘सी’ला बसता येत नाही. परीक्षेत कवायत, शस्त्र, सामान्य विषय आणि सेवेचे विशेष विषय असे भाग असतात. कवायत आणि शस्त्र प्रात्यक्षिकात बघतात, त्यामुळे पुस्तक पाठ करून भागत नाही.

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण, वय 18 पूर्ण, कमाल खुल्या प्रवर्गाला 28 आणि मागास प्रवर्गांना 33. उंची पुरुषांना किमान 165 सेंटिमीटर, महिलांना 155. पुरुषांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी 50 गुणांची: पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक (पुरुषांना 7.260 किलो, महिलांना 4 किलो). त्यात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा या प्रमाणात 100 गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावतात. मैदानात ‘सी’ प्रमाणपत्र तुमच्यासाठी धावत नाही. ते कामाला येतं गुणवत्ता यादीत, जिथे अर्ध्या-एका गुणावर शेकडो उमेदवार एकमेकांना चिकटून असतात.

ऑनलाइन अर्जात एनसीसीचा रकाना वेगळा असतो, तो ‘होय’ करावा लागतो. तो रकाना भरायचा राहिला तर तपासणीच्या दिवशी मूळ प्रमाणपत्र दाखवूनही फायदा मिळवणं अवघड जातं. प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत हातात हवं. ‘परीक्षा दिली आहे, निकाल यायचाय’ हे चालत नाही. ‘ए’ आणि ‘बी’ला शिपाई भरतीत हा लाभ नाही, तिथे ‘होय’ करणं म्हणजे चुकीची माहिती देणं. जादा गुण कशावर आणि कसे मोजायचे याचं कलम त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्दशः वाचा. सोबत दहावी-बारावीचे कागद, अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला हेही त्या तारखेला वैध हवेत. तहसीलमधून नॉन-क्रिमीलेअर निघायला वेळ लागतो, जाहिरातीची वाट बघत बसू नका.

‘सी’पर्यंत पोहोचला नाहीत तरी ‘ए’ आणि ‘बी’ फेकून देऊ नका. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (सीआयएसएफ) अशा केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत ‘सी’ला 5, ‘बी’ला 3 आणि ‘ए’ला 2 टक्के अशी बोनस गुणांची रचना आहे. तिकडचा अर्ज स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत भरायचा असतो, आणि तिथेही नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवूनच बघतात.