ट्रेन्चिन रोमनांनी वसवलं नाही

स्लोव्हाकियातलं ट्रेन्चिन हे गाव रोमनांनी वसवलं, असं अजूनही बेधडक सांगितलं जातं. पुरावा म्हणून बोट दाखवलं जातं ते किल्ल्याच्या कड्यावरच्या लॅटिन शिलालेखाकडे. लेख अस्सल आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी लेख काय म्हणतो ते पाहू. लाउगारिसिओ (या जागेचं रोमन नाव) इथे तळ ठोकलेल्या सैन्यानं तो सम्राटांच्या विजयाला अर्पण केला आहे. त्यात दुसऱ्या लीजनच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणीच्या) सैनिकांचा आकडाही कोरलाय: ८५५. काळ इ.स. १७९-१८०चा हिवाळा. सम्राट मार्कस ऑरेलियसचं क्वादी टोळ्यांशी युद्ध चालू होतं आणि साम्राज्याची सीमा दूर दक्षिणेला, डॅन्यूबवर होती. म्हणजे ही शत्रूच्या मुलखातली छावणी! काही अभ्यासकांना तर लेखच बनावट वाटायचा. पण अल्जीरियात झाना इथे सेनानी मार्कस व्हॅलेरियस मॅक्सिमियानस याच्या कारकिर्दीचा शिलालेख सापडला आणि शंका फिटली. त्यात याच ठिकाणी ‘हिवाळा काढणाऱ्या’ तुकड्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन खंडांतले दोन दगड एकमेकांची साक्ष देतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

हिवाळा काढणं म्हणजे नगर वसवणं नव्हे. मार्च १८०मध्ये मार्कस ऑरेलियस वारला, त्याचा मुलगा कोमोडस यानं तह केला आणि फौजा माघारी गेल्या. आजच्या ट्रेन्चिनची मुळं मध्ययुगीन किल्ल्यात आणि त्याच्या पायथ्याच्या वस्तीत आहेत. स्वतंत्र राजनगराचा, म्हणजे थेट राजाच्या अखत्यारीतल्या शहराचा, दर्जा गावाला मिळाला तो थेट १४१२ साली.