लेनालिडोमाइड घेणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल देताना आम्ही दर वेळी बरेच प्रश्न विचारतो. शेवटची रक्ततपासणी कधी झाली, चक्राचा (औषधाचे आणि सुट्टीचे दिवस मिळून होणाऱ्या फेऱ्याचा) कितवा दिवस चालू आहे, घरात कोणी गरोदर आहे का. आजारपणात आधीच थकलेल्या माणसाला ही चौकशी नकोशी वाटते, हे आम्हाला दिसतं. पण यातला एकही प्रश्न आम्ही सोडणार नाही. त्याची कारणं तुम्हाला नीट कळावीत म्हणून हे पत्रक.

औषध काय करतं

अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग म्हणजे मल्टिपल मायलोमा. हे औषध सर्वांत जास्त दिलं जातं ते त्यासाठीच, बहुतेकदा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या जोडीने. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या आजाराच्या) एका प्रकारात, म्हणजे पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो तेव्हा, आणि काही लिम्फोमांमध्येही (लसीका पेशींच्या कर्करोगांमध्ये) ते वापरतात.

नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा याची रीत वेगळी आहे. आपल्या पेशींत सेरेब्लॉन नावाचं एक प्रथिन असतं. कोणती प्रथिनं मोडीत काढायची, त्यांच्यावर खूण करणाऱ्या यंत्रणेचा तो भाग. लेनालिडोमाइड त्याला चिकटलं की ही यंत्रणा इकारॉस आणि आयोलॉस या दोन प्रथिनांकडे वळते. मायलोमाच्या पेशी या दोघांच्या आधारावरच जगतात. ती संपली की पेशीही मरू लागतात. त्याच वेळी प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरचा लगाम सैल होतो आणि त्या कर्करोगावर अधिक जोमाने तुटून पडतात. म्हणून याला प्रतिकारशक्तीत बदल घडवणारं औषध म्हणतात. गंमत अशी, की औषध अमेरिकेत २००५ साली मंजूर झालं आणि सेरेब्लॉनचा दुवा २०१० साली जपानी संशोधकांना सापडला. आधी गुण आला, कारण नंतर कळलं.

गरोदरपणाबद्दल इतकी सक्ती का

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडच्या रेणूत बदल करून तयार केलेलं औषध आहे. थॅलिडोमाइड १९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं. सुरक्षित समजून अनेक देशांतल्या गरोदर स्त्रियांनी ते मळमळीवर घेतलं. १९६१च्या अखेरीस तिथे ते मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात हजारो बाळं हातपाय अपुरे वाढलेले असे व्यंग घेऊन जन्मली होती. लेनालिडोमाइडनेही माकडांवरच्या प्रयोगांत गर्भाला तशीच इजा केली. माणसांत ते पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळे नियम आहेत.

मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने औषध सुरू करण्याआधी चार आठवडे, औषध चालू असताना, मधल्या सुट्टीत आणि थांबवल्यावर चार आठवडे खात्रीचं गर्भनिरोधन ठेवायचं. गर्भचाचण्या डॉक्टर सांगतील त्या दिवशीच करायच्या. कोणतं साधन वापरायचं तेही त्यांनाच विचारा. या औषधाने रक्ताच्या गाठी होऊ शकतात, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो धोका आणखी वाढतो. औषध वीर्यातही उतरतं. म्हणून पुरुषांनी नसबंदी झालेली असली तरी कंडोम वापरायचाच, आणि औषध संपल्यावरही चार आठवडे वापरायचा. याच काळात रक्तदान करू नये, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला चढू शकतं. वीर्यदानही नाही.

कॅप्सूल फोडू, चावू किंवा विरघळवू नका. फुटलीच आणि भुकटी अंगाला लागली, तर साबणाने आणि पाण्याने लगेच धुवा. गरोदर स्त्रीने कॅप्सूलला हातही लावू नये. सुनेकडून किंवा मुलीकडून औषधं भरून घेण्याची सवय असेल, तर हे आधी सांगा.

घ्यायचं कसं

मायलोमात बहुधा २१ दिवस रोज एक कॅप्सूल आणि पुढचे ७ दिवस सुट्टी असा २८ दिवसांचा फेरा असतो. सुट्टीच्या दिवसांत कॅप्सूल घेऊ नका. रक्तपेशींना सावरायला तो वेळ लागतो. काही आजारांत मात्र औषध रोज घ्यायचं असतं, तेव्हा शेजारच्या रुग्णाचं बघून स्वतःचं ठरवू नका. रोज साधारण ठरलेल्या वेळी, अख्खी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळा. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. विसरलात आणि बारा तास उलटले नसतील तर घ्या. उलटले असतील तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जातं. मायलोमात मूत्रपिंडाला अनेकदा इजा झालेली असते. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) वाढलं की डॉक्टर मात्रा कमी करतात. मात्रा घटली म्हणजे उपचार कमी पडले, असा अर्थ लावू नका.

कशाकडे लक्ष ठेवायचं

आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे पायाची सूज. हे औषध, त्यातही डेक्सामेथासोनबरोबर, शिरांमध्ये रक्ताच्या गाठी करू शकतं. म्हणूनच बहुतेकांना अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध दिलेलं असतं. ते मनाने बंद करू नका. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. त्यासाठीच वारंवार सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. ताप ३८ अंश सेल्सियसला पोहोचला तर घरी पॅरासिटामॉल घेऊन थांबू नका. अंगावर पुरळ आलं तर कळवा; सोबत फोड, तोंड सोलवटणं किंवा चेहऱ्याला सूज असेल तर पुढची कॅप्सूल घेऊ नका आणि लगेच दाखवा.

थकवा, पायात गोळे, बद्धकोष्ठ यांवर उपाय असतात. काही महिन्यांनी जुलाब सुरू होऊन थांबत नसतील तर तेही सांगा. अनेकदा ते पित्तातली आम्लं आतड्यात नीट शोषली न गेल्याने होतात आणि त्यावर वेगळं औषध मिळतं. बरेच जण महिनोन्‌महिने हे मुकाट सोसतात. सोसू नका, आम्हाला विचारा.

उपचार बदलले, मात्रा बदलली, किंवा रुग्ण आता आपल्यात नसतील, तर उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका आणि दुसऱ्या रुग्णालाही देऊ नका. बंद पाकिटात घालून आमच्याकडे परत आणा. त्यांची योग्य विल्हेवाट आम्ही लावू.