श्रीनगर : झेलमकाठचे शहर

जम्मू आणि काश्मीर या केंद्रशासित प्रदेशाची उन्हाळी राजधानी आणि काश्मीर खोऱ्यातले सर्वांत मोठे शहर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,५८५ मी.; लोकसंख्या सुमारे १२ लाख (२०११). झेलम नदी शहराच्या मधून नागमोडी वाहते. पूर्वेला झबरवानचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी दल सरोवर आणि जुन्या शहराच्या डोक्यावर हरी पर्बत ही टेकडी, अशी या गावाची बैठक आहे. महाराष्ट्रातून जाणारा पर्यटक बहुधा विमानतळावरून थेट दलच्या काठी उतरतो, शिकाऱ्यात बसतो, मोगल बागा पाहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्गच्या रस्त्याला लागतो. त्यामुळे श्रीनगर म्हणजे सरोवराचे शहर, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात हे नदीचे शहर आहे. सत्ता, व्यापार, देवळे, दर्गे, बाजारपेठा सगळे झेलमच्या दोन्ही काठांनी वाढले. दल ही त्या शहराची परसबाग होती आणि भाजीपाल्यापुरती ती अजूनही तशीच आहे.

झेलम (संस्कृत वितस्ता, काश्मिरी व्यथ) दक्षिण काश्मीरमधल्या वेरीनागच्या झऱ्यात उगम पावते. डोंगरातली नदी म्हटली की खळाळता, दगडधोंड्यांतून उड्या घेणारा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. झेलम खोऱ्यात उतरल्यावर तशी राहत नाही. उतार इतका कमी, की अनंतनागजवळच्या खानबलपासून वुलर सरोवरापर्यंत तिच्यावर नावा चालत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाडीरस्ता येईपर्यंत श्रीनगरचे धान्य, सरपण, इमारती लाकूड सारे नदीनेच येई. राजाची मिरवणूकही नावांतूनच निघे. घरांची तोंडे नदीकडे होती आणि रस्त्याकडे त्यांची पाठ होती. प्रत्येक वस्तीला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांचा घाट असे. त्याला तिथे यारबल म्हणतात. पाणी भरणे, धुणे धुणे, नावेची वाट पाहणे आणि गावभरच्या गप्पा, असे चारही कार्यक्रम यारबलवर उरकत.

इतिहास

श्रीनगरपासून थोड्याच अंतरावरच्या बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन वस्ती उजेडात आली आहे. तिथली माणसे जमिनीत खड्डे खणून त्यांत राहत, आणि मेलेल्या माणसाजवळ कधीकधी कुत्राही पुरत. शहर म्हणून मात्र पहिला उल्लेख येतो तो अशोकाच्या श्रीनगरीचा. कल्हणाने बाराव्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासकाव्यात ती अशोकाने वसवली असे म्हटले आहे. अभ्यासक तिची जागा आजच्या शहराच्या आग्नेयेला पंद्रेठन येथे मानतात. पाण्यात उभे असलेले एक लहानसे दगडी शिवमंदिर तिथे अजून आहे. आजच्या शहराचा पाया घातला तो दुसऱ्या प्रवरसेनाने. त्याचा काळ साधारणपणे सहावे शतक धरतात. त्याने हरी पर्बताच्या परिसरात प्रवरपूर वसवले आणि वितस्तेवर नावा जोडून मोठा पूल बांधला. असे पूल बांधण्याची रीत या राजापासून सुरू झाली, असे कल्हण सांगतो. पुलापासून सुरू झालेले हे शहर पुढची हजारबाराशे वर्षे पुलांच्याच हिशेबाने वाढत गेले.

नदीशी संबंधित आणखी एक गोष्ट कल्हणाकडेच वाचायला मिळते. नवव्या शतकात राजा अवंतिवर्म्याच्या काळी बारामुल्लाच्या अंगाला दरडी आणि दगड साचून झेलम तुंबली. पूर आणि दुष्काळ पाठोपाठ आले. सुय्य नावाच्या माणसाने राजाकडून नाण्यांची मडकी मागून घेतली आणि ती नदीत ओतली. भुकेल्या लोकांनी नाण्यांच्या आशेने पात्रातले दगड उपसून काढले, आणि नदी मोकळी झाली. गोष्टीवर कितपत विश्वास ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे, पण नदीचे पात्र मोकळे ठेवणे हे काश्मीरच्या राज्यकर्त्याचे पहिले काम, एवढे तिच्यातून स्पष्ट कळते. सोपोर हे गाव या सुय्याच्या नावाचे आहे.

चौदाव्या शतकात शाहमीर घराण्याची सुलतानशाही आली. तिच्यातला झैन-उल-आबिदीन (कारकीर्द १४२०–७०) काश्मिरी माणसाच्या तोंडी आजही ‘बुडशाह’, म्हणजे थोर राजा, म्हणूनच येतो. त्याने जिझिया उठवला, परागंदा झालेल्या काश्मिरी पंडितांना, म्हणजे तिथल्या हिंदूंना, परत बोलावले, संस्कृत ग्रंथांची फारसीत भाषांतरे करवली आणि मध्य आशियातून कारागीर आणून वसवले. शहराच्या कारागिरीची मुळे बहुतांशी इथे जाऊन पोचतात. १५८६ मध्ये अकबराने काश्मीर घेतले. पुढे १७५३ पासून अफगाण, १८१९ पासून शीख आणि १८४६ च्या अमृतसर तहानंतर डोगरा अशी राज्ये झाली. त्या तहात इंग्रजांनी ७५ लाख नानकशाही रुपयांना काश्मीर जम्मूच्या डोगरा राजा गुलाबसिंगाच्या हवाली केले. या व्यवहाराची सल तिथल्या बोलण्यात आजही उमटते.

सात पूल

काश्मिरीत पुलाला कदल म्हणतात, आणि जुन्या श्रीनगरात पत्ता सांगायचा तर कदलच सांगावा लागतो. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल, आली कदल, नवा कदल, सफा कदल, असे प्रवाहाच्या दिशेने एकामागून एक सात पूल येतात. ते बांधले गेले वेगवेगळ्या काळांत: आली कदल आणि जैना कदल पंधराव्या शतकातले, नवा आणि सफा कदल औरंगजेबाच्या काळातले, तर अमीरा कदल सर्वांत शेवटी अफगाण सुभेदार अमीर खानाने बांधलेला. जैना कदल बुडशाहच्याच नावाचा आहे.

या पुलांची मूळची बांधणी पाहण्यासारखी होती. देवदाराचे ओंडके एक थर उभा, एक थर आडवा असे चौकोनात रचत नेत आणि मधली पोकळी दगडांनी भरत. वरवर जाताना ओंडके दोन्ही बाजूंना थोडेथोडे पुढे काढत, म्हणजे दोन खांबांमधले अंतर आपोआप आखूड होई आणि वरच्या तुळया तेवढ्यात पोचत. चुना नाही, लोखंड नाही. पूर आला की पाणी ओंडक्यांच्या फटींतून निघून जाई; भक्कम दगडी खांबाने जेवढा विरोध केला असता तेवढा हा खांब करत नसे. काही पुलांवर दोन्ही बाजूंनी दुकानेही होती. तरीही नदीने मनात आणले की इलाज चालत नसे. १८९३ च्या पुरात यांतले बहुतेक पूल वाहून गेले. आजचे वाहतुकीचे पूल काँक्रीटचे आहेत, आणि जुन्या बांधणीची कल्पना करायला जुनी छायाचित्रेच उपयोगी पडतात.

फतेह कदल आणि जैना कदल यांच्या दरम्यान, उजव्या काठावर, खानकाह-ए-मौला ही सूफी मठाची वास्तू उभी आहे. चौदाव्या शतकात काश्मीरमध्ये आलेले सूफी संत मीर सय्यद अली हमदानी यांच्या स्मरणार्थ सुलतान सिकंदराने ती १३९५ च्या सुमारास बांधवली. आगीत जळाल्यावर १७३२ मध्ये पुन्हा उभारली, ती आजची. घुमट नाही, मिनार नाहीत. देवदारी लाकडाचे उतरते छप्पर, त्यावर टोकदार कळस. आतल्या भिंती-छतांवर पेपर माशेचे, म्हणजे कागदाच्या लगद्याचे, रंगीत नक्षीकाम इतके दाट आहे, की बोटभर जागा मोकळी दिसत नाही. याच इमारतीच्या नदीकडच्या बाजूला शेंदूर लावलेली कालीची जागा असून पंडित तिला पूज्य मानतात. समोरच्या काठावर नूरजहानने बांधवलेली पत्थर मस्जिद आहे. ती दगडी आणि मोगल धाटणीची असल्याने या लाकडाच्या शहरात पाहुणी वाटते. श्रीनगरची खरी मशीद पाहायची तर नौहट्ट्याच्या जामा मस्जिदीत जावे. एकेका देवदारवृक्षाचा एकेक खांब, असे तीनशे सत्तरहून अधिक खांब तिथे आहेत. मधल्या चौकात चिनार. शहर लाकडाचे असल्याने आग हा इथला जुना वैरी. जामा मस्जिदही अनेकदा जळाली आणि प्रत्येक वेळी पुन्हा त्याच नमुन्यावर बांधली गेली.

जैना कदलाजवळ बुडशाहच्या आईची कबर आहे. जुन्या देवळाच्या दगडी जोत्यावर उभारलेली, विटांची, पाच घुमटांची ही वास्तू मध्य आशियातून उचलून आणल्यासारखी दिसते. तिच्या भिंतीत निळ्या झिलईच्या विटा तुरळक शिल्लक आहेत. पर्यटकांच्या यादीत ती क्वचितच असते.

हरी पर्बत या एकाच टेकडीच्या अंगाखांद्यावर शारिका देवीचे स्थान, मखदूम साहिबांचा दर्गा आणि छठी पातशाही गुरुद्वारा आहेत. टेकडीभोवतीचा तट अकबराचा. त्याच्या ‘काठी’ नावाच्या दरवाजावरच्या फारसी लेखात, इथे कोणाकडूनही वेठबिगार घेतली नाही, सर्वांना खजिन्यातून मजुरी दिली, असे कोरून ठेवले आहे. वेठ हा काश्मीरच्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भोग असल्याने बादशहाला ही जाहिरात करावीशी वाटली असावी.

पूर

१९०३ च्या पुरानंतर डोगरा दरबाराने शहराच्या वरच्या अंगाला पादशाही बागेपासून एक कालवा काढला. जादा पाणी शहराला वळसा घालून जावे, हा हेतू. पुढे त्याच्या आणि नदीच्या आसपासच्या सखल, दलदलीच्या जमिनींवर नव्या वसाहती झाल्या. बुडशाहच्या काळचा नाला मार हा शहरातला जलमार्ग १९७० च्या दशकात बुजवून त्यावर रस्ता केला. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमने काठ सोडले तेव्हा राजबाग, जवाहरनगर यांसारख्या सुखवस्तू वस्त्यांत पहिला मजला पूर्ण पाण्याखाली गेला. इस्पितळे, सरकारी कचेऱ्या, दूरध्वनी सगळे एकदम बंद पडले. उंचवट्यावरचे जुने शहर मात्र बऱ्याच अंशी वाचले. जुन्या लोकांना पाणी कुठे येते ते ठाऊक होते आणि तिथे ते घर बांधत नव्हते, यापेक्षा वेगळे स्पष्टीकरण शोधायची गरज नाही.

भूकंपाबाबतही तेच. जुनी घरे दोन पद्धतींची: ‘ताक’ पद्धतीत जाड विटांच्या भिंतींमधून आडव्या लाकडी पट्ट्या फिरवलेल्या असतात, आणि ‘धज्जी देवारी’त लाकडी चौकटीचे तुकडे पाडून त्यांत विटा आणि माती भरलेली असते. हादरा बसला की भिंत लवचीकपणे हलते. एखादी चौकट ढासळली तरी घर उभे राहते.

कारागिरी आणि ताट

पश्मिना, कानी शाली, अक्रोडाच्या लाकडावरचे कोरीवकाम, गालिचे, पेपर माशे आणि छताची खतमबंद जुळणी, ही या शहराची ओळख. युनेस्कोने २०२१ मध्ये हस्तकलांसाठी श्रीनगरचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात समावेश केला. शालीच्या मऊपणाबद्दल भरपूर लिहिले जाते, विणकराच्या हालांबद्दल कमी. डोगरा राजवटीत शालीवर जबर कर होता आणि विणकराला काम सोडायचीही मुभा नव्हती. २९ एप्रिल १८६५ रोजी झालडगर येथे जमलेल्या विणकरांवर सैन्य घालण्यात आले. कित्येक जण मारले गेले, काही नदीच्या पाण्यात बुडाले. पुढे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रान्सची बाजारपेठ कोसळली आणि धंदाच बसला.

खाण्यात वाजवानचा, म्हणजे अनेक पदार्थांच्या मांसाहारी मेजवानीचा, बोलबाला आहे. चौघांनी एका मोठ्या ताटात, त्रामीत, जेवायचे, आणि गोश्ताबा, म्हणजे दह्याच्या रश्शातले मटणाचे गोळे, आला की जेवण संपत आले असे समजायचे. रोजचे खाणे मात्र भात आणि हाक नावाची पालेभाजी. सकाळी कांदुराच्या, म्हणजे नानवायाच्या, दुकानातून गरम गिर्दा आणायचा आणि गुलाबी, खारट नून चायबरोबर खायचा. आपल्याकडच्या चहाबाजाला पहिल्या घोटात हा चहा पचत नाही. थंडीत आली कदलाकडे पहाटे हरिसा मिळतो: मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून, घोटून केलेला, वर कडकडीत तेल ओतलेला. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. चाळीस दिवसांच्या या कडाक्यात फिरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीतली निखाऱ्यांची शेगडी, धरूनच माणसे वावरतात.

दल आणि बागा

मोगलांनी नदीकाठचे गर्दीचे शहर टाळून सरोवरापलीकडे डोंगरउताराला बागा केल्या. शालिमार जहांगीरच्या काळातली (१६१९), निशात आसफ खानाची, चश्मे शाही शाहजहानच्या काळातली. तिन्हींत निशात उजवी. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे पाणी आणि समोर पसरलेला दल असा देखावा शालिमारला नाही. दलमध्ये पहाटे भरणारा भाजीबाजार नावांवरच भरतो. तिथली काकडी, टोमॅटो सरोवरात तरंगणाऱ्या वाफ्यांवर पिकतात, आणि नद्रू, म्हणजे कमळाचे देठ, गाळातून ओढून काढतात. हाउसबोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या. परक्यांना जमीन घेता येत नसल्याने इंग्रजांनी पाण्यावर घरे केली, असे सांगतात. पूर्वी त्या झेलममध्येही मोठ्या संख्येने होत्या.

अलीकडचा काळ

१९८९ नंतरच्या हिंसाचारात शहराचा पोत बदलला. हब्बा कदल, रैनावारी या मोहल्ल्यांतून १९९० मध्ये पंडित कुटुंबे बाहेर पडली आणि त्यांची कित्येक घरे कुलूपबंद राहून मोडकळीला आली. तीन दशकांहून अधिक काळ बंद असलेला मोहरमच्या मिरवणुकीचा जुना मार्ग २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात महाराष्ट्रातले सहा जण मारले गेले, आणि ऐन हंगामात श्रीनगरच्या हाउसबोटी रिकाम्या पडल्या.

मराठी माणसाचा शहराशी संबंध पर्यटनापुरताच नाही. सोने-चांदी गाळणारे सांगलीकडचे गलाई कारागीर इथल्या सराफ बाजारात वर्षानुवर्षे आहेत. त्यांचा गणपतीही बसतो, आणि विसर्जन झेलममध्ये होते.

जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. ट्यूलिप बाग साधारण मार्चअखेर ते एप्रिल खुली असते, चिनार ऑक्टोबरअखेर लाल होतात. जुने शहर पाहायला मोटारीचा उपयोग नाही. हब्बा कदलापासून सफा कदलापर्यंत नदी धरून चालत जावे. अर्धा दिवस पुरतो, शुक्रवारी दुपारी मात्र जामा मस्जिदीच्या बाजूला गर्दी असते.